उपवासकाळ आणि भट्टी

राखेच्या बुधवारी कपाळावर भस्माचा क्रूस घेऊन चर्चमधून परतणाऱ्या माणसाला पुढचे चाळीस दिवस आपण काय खाणार नाही याची यादी तत्काळ सांगता येते. परंतु आपण काय खाणार, आणि विशेषतः आपल्या पदरी असलेली माणसे काय खाणार, हा प्रश्न त्याला सहसा सुचत नाही. वसईतील एका लहान बेकरीचा जमाखर्च आणि हजेरीपट मी दीर्घकाळ सांभाळला असून, छोट्या धंद्याची खरी परीक्षा नाताळापेक्षा उपवासकाळातच होते, असे माझे मत बनले आहे. नाताळात काम अफाट असते खरे, पण माणसे पोटभर जेवलेली आणि हसतमुख असतात; उपवासकाळात मात्र काम हळूहळू चढत जाऊन पवित्र सप्ताहात शिगेला पोहोचते, आणि ते ज्या हातांनी निभवायचे ते हात नेमके त्याच वेळी अर्धपोटी असतात.

बेकरी आमच्या थोरल्या दिरांची. मनुष्य सचोटीचा, धर्मनिष्ठ, कोणाची मजुरी एक दिवसही न थकवणारा. पण घरातील नियम आणि कारखान्यातील नियम यांत काही अंतर असते ही गोष्ट त्यांना मान्य नव्हती. एका वर्षी त्यांनी हजेरीपटाशेजारी हुकूम लावला की, ईस्टरपर्यंत बेकरीच्या चुलीवर मांसमच्छी शिजणार नाही आणि बाहेरून कोणाच्या डब्यातूनही ती आत येणार नाही. आमच्याकडे भट्टीवर उत्तर प्रदेशातून आलेले दोन मुसलमान कारागीर, पीठ मळायला सांगलीकडचा एक माळकरी, आणि पाव बांधायला, सायकलीवरून पोहोचवायला गावातली ख्रिस्ती मुले, असा संमिश्र गोतावळा होता. माळकऱ्याला त्या हुकमाचे काहीच वाटले नाही, कारण तो तसाही कधी मांसाला शिवत नव्हता. बाकीच्यांना मात्र रोज रात्री पातळ डाळ, मोकळा भात आणि शुक्रवारी त्यात भर म्हणून बटाट्याची रसभाजी, एवढ्यावर दोनशे अंशांच्या भट्टीसमोर उभे राहावे लागले. त्यावर कडी म्हणजे या जेवणाचे पैसे नेहमीप्रमाणे पगारातून कापले गेले. वास्तविक कामगाराच्या संमतीवाचून अशा सोयीपोटी वेतनातून कपात करू नये, हे तत्त्व 1936 च्या वेतनविषयक कायद्यापासून चालत आलेले आहे.

पहिल्या आठवड्यात कुरबुर झाली, दुसऱ्यात लाकडाच्या ढिगाआड डबे उघडू लागले, आणि तिसऱ्यात कोण कुठे काय खातो याच्या चुगल्या दिरांच्या कानी जाऊ लागल्या. माणसे मांसावाचून राहू शकतात. परस्परांवर पाळत ठेवून राहू शकत नाहीत. अखेर थोरला कारागीर हिशेब मागायला माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मी कारण विचारले, तेव्हा तो इतकेच म्हणाला, "बाई, रोजा मी माझ्या मर्जीने धरतो. हा उपवास शेठच्या मर्जीने कसा धरू?" त्याची बाकी चुकती करण्यावाचून माझ्या हाती काही उरले नव्हते. झावळ्यांच्या रविवारी तो गेला, आणि त्याच आठवड्यात शुभ शुक्रवारचे क्रूसाचे बन भट्टीत घालायला आम्हांला उष्णतेचा अंदाज नसलेला नवखा माणूस ठेवावा लागला. बनांचे तळ काळे आणि पोटे कच्ची निघाली. ज्यांनी आगाऊ पैसे भरले होते त्यांना ते परत करण्यात माझी सबंध सकाळ गेली.

या प्रकरणातली विसंगती अशी की, दिरांचा नियम चर्चच्या नियमाहूनही कडक होता. सहावे पोप पॉल यांच्या 1966 च्या आदेशापासून आणि पुढे 1983 च्या धर्मविधिसंहितेप्रमाणे, मांसवर्जन शुक्रवारचे आणि राखेच्या बुधवारचे. कडक उपवास, म्हणजे दिवसाकाठी एकच पूर्ण जेवण, तो राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार या दोनच दिवशी. मांसवर्जन वयाची 14 वर्षे पूर्ण झालेल्यांना, उपवास 18 वर्षांपासून 59 वर्षे पूर्ण होईपर्यंत. मासे, अंडी, दूध यांची गणना मांसात होत नाही. आमच्यासारखी कित्येक घरे चाळीसही दिवस मासळी सोडतात ती स्वखुशीने, आणि स्वखुशीचा त्याग दुसऱ्याच्या खात्यावर मांडता येत नाही. शिवाय आजारी माणसाला आणि उपवासामुळे ज्याच्या कामालाच बाध येईल अशा कष्टकऱ्याला उपवासातून सवलत मिळते. भट्टीवरच्या ख्रिस्ती मुलाने या सवलतीविषयी धर्मगुरूंना विचारावे, त्यात त्याची श्रद्धा उणी होत नाही.

पुढे दिरांनी कारभार मुलाकडे सोपवला आणि स्वयंपाकाची तजवीज माझ्याकडे आली. मी हुकमाचा कागद काढून टाकला आणि चूल मात्र बिनमांसाचीच ठेवली. कारण थोडा विचार करता असे दिसून येते की, माळकरी, मुसलमान आणि ख्रिस्ती या तिघांनाही एका पंक्तीत बसून निःशंकपणे जेवता येईल असे अन्न हेच आहे, फक्त ते चविष्ट आणि दमदार असले पाहिजे. डबा ज्याचा त्याने आणावा, त्यात काय आहे हे कोणी पाहू नये. जेवणाचे पैसे कापणे बंद केले. महिन्याभरात बाहेरचे डबे आपोआप कमी झाले.

झटपट स्वयंपाकाचे सारे मर्म पूर्वतयारीत असते. सुके खोबरे आणि उभा चिरलेला कांदा खरपूस भाजून त्याचे वाटण दोन-तीन दिवसांपुरते एकदम करून शीतकपाटात ठेवावे. मग कोणत्याही कडधान्याची आमटी अर्ध्या तासात उतरते. मसुराची डाळ यात सर्वांत इमानी, तिला भिजवण्याचीही गरज नाही: लसणाची फोडणी, चमचाभर बाटली मसाला, वाटण, दोन आमसुले, आणि बारा माणसांचे कालवण तयार. वालाचे बिरडे करायचे तर दोन दिवस आधी वाल भिजत घालून मोड आणावे लागतात आणि सोलायला चार हात लागतात; ते रविवारी करावे, घाईच्या रात्री त्याच्या वाटेला जाऊ नये. फाल्गुन-चैत्रात शेवग्याच्या शेंगा भरपूर येतात; त्या बटाट्याबरोबर नारळाच्या दुधात शिजवून वर कैरीची फोड टाकली, तर मासळीची आठवणही होत नाही, असे मी म्हणणार नाही, पण ती सुसह्य होते. पिठले दहा मिनिटांचे, मात्र डाळीचे पीठ आधी थंड पाण्यात कालवून मगच फोडणीत सोडावे. उकळत्या पाण्यात कोरडे पीठ वैरले तर नवख्या हाताने गुठळ्या होतात आणि त्या फोडण्यात सगळी घाई वाया जाते. केकसाठी आणलेल्या अंड्यांतील त्याच दिवशी तडकलेली अंडी टाकून न देता घट्ट रश्श्यात पूर्ण शिजवावीत; पण त्यासाठी पातेले वेगळे आणि पळीही वेगळी, म्हणजे माळकऱ्याला विचारावे लागत नाही. आणि बेकरीत पाव तर हाताशीच असतो: आदल्या दिवशीचे उरलेले पाव कुस्करून, कांदा, मोहरी, हळद आणि दाण्याच्या कुटाची फोडणी दिली की पहाटेची न्याहारी झाली. रोजच्या ताटात कडधान्य, दाणे किंवा अंडे यांपैकी एक हवेच. भट्टीवाल्याचे मीठ घामावाटे जाते, म्हणून मीठ घातलेली पेज किंवा ताक त्याला मागावे लागू नये.

रमजान आणि उपवासकाळ एकत्र आले म्हणजे वेळापत्रकही पाहावे लागते. 2025 साली रमजान 2 मार्चला सुरू झाला आणि राखेचा बुधवार 5 मार्चला आला. आमची भाजणी पहाटेची, त्यामुळे सेहरीचे जेवण कामाच्या मधोमध येते; ते कोपऱ्यात उभ्याने उरकायला न लावता त्या वेळी भट्टी भरून ठेवून पंधरा मिनिटे सर्वांनीच बसावे. दिवसा मैद्याची पोती उतरवण्याचे काम रोजा धरलेल्याकडे देऊ नये. हे त्याला बोलून दाखवण्याचीही गरज नसते. पाळी लावतानाच ते उरकून टाकावे.

पाळ्यांविषयी मात्र एक गोष्ट आग्रहाने सांगते. गेल्या वर्षीचा कागद या वर्षी चालत नाही. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो, ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्या दरम्यान कुठेही येतो, आणि पाडवा आपल्या तिथीने. म्हणून वर्ष सुरू होण्यापूर्वीच सर्वांना बसवून रजा ठरवाव्यात. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या चार भरपगारी सुट्ट्यांखेरीज आणखी चार सणांच्या सुट्ट्या मालक व कामगार यांनी वर्षारंभापूर्वी आपसात ठरवायच्या आहेत. आपला धंदा इतका लहान असला की कायद्याची ती कलमे त्याला लागू होत नाहीत, तरीही पद्धत उचलण्याजोगी आहे. कारण ऐनवेळी मागितलेली रजा उपकार होऊन बसते, आणि आधी ठरलेली रजा हक्क असते. उचलीचेही तसेच. ईदची उचल ईदच्या आदल्या दिवशी तोंड पाहून देण्यापेक्षा, प्रत्येकाला त्याच्या सणाआधी किती उचल मिळेल आणि ती किती हप्त्यांत फिटेल, हे वहीत मांडून त्याची सही घ्यावी.

सर्वांत अवघड रात्र पवित्र गुरुवारची. शुक्रवारच्या बनांचे काम त्याच रात्रीचे, आणि पाय धुण्याच्या विधीला जाण्याची ख्रिस्ती मुलांची ओढही त्याच संध्याकाळची. पूर्वी यावरून दरवर्षी वाद होई. आता मनुका आम्ही बुधवारीच धुऊन ठेवतो, पीठ गुरुवारी दुपारी कमी खमिरात मळून थंडाव्यात मुरू देतो, आणि मिस्सा आटोपून आलेली मुले रात्री गोळे वळून त्यांवर मैद्याच्या पातळ पिठाचा क्रूस काढायला बसतात. भट्टी त्या रात्री मुसलमान कारागिरांकडे असते. ईदच्या दिवशी त्यांच्या जागी हीच मुले उभी राहिलेली असतात, आणि दोन्ही बदल्यांची नोंद जानेवारीतच वहीत झालेली असते.