उभ्या गाडीचा विचार

माझं घर विदर्भातल्या वणीजवळ चिखलगावात आणि शाळा वणीच्या टिळक चौकाच्या पलीकडे. सकाळचं जाणं, दुपारचं येणं, मधे कधी बाजार, कधी आईचं औषध, असं सगळं धरून दिवसाला बारा किलोमीटर होतात. वीस वर्षं हे अंतर पेट्रोलच्या मोटारसायकलवर कापलं. २०२४च्या फेब्रुवारीत विजेवरची मोटारसायकल घेतली. त्याआधी दीड वर्ष नुसती विचारपूस केली. नागपूरला दोन चकरा झाल्या, चंद्रपूरला तीन. एका चार्जमध्ये किती जाते, किती जोरात पळते, पडदा केवढा मोठा आहे, हेच विचारत राहिलो. दोन उन्हाळे काढल्यावर कळलं की माझी गाडी दिवसाचा अर्धा तास धावते आणि साडेतेवीस तास उभी असते. त्या उभ्या गाडीबद्दल मी एकही प्रश्न विचारला नव्हता. आता शाळेतले तरुण शिक्षक आणि शेजारपाजारचे लोक मला विचारायला येतात. त्यांना सांगतो ते इथे लिहितो.

१. आधी आपला रस्ता मोजा. कंपनी सांगते ते अंतर चाचणीच्या ठरलेल्या चक्रातलं असतं. आपल्या रस्त्यावर ऊन, चढ, खड्डे आणि मागे बसलेला माणूस असतो. २०१९ साली आलेल्या रिव्होल्ट आरव्ही ४००चं उदाहरण घ्या. बॅटरी ३.२४ किलोवॅट-तासांची, म्हणजे साधारण सव्वातीन युनिटची. कंपनीनेच तिचे तीन आकडे दिले होते: सावकाश चालवली तर १५० किलोमीटर, नेहमीसारखी चालवली तर १००, जोरात पळवली तर ८०. गाडी तीच, बॅटरी तीच, फरक फक्त मनगटाचा. माझी गाडीही जवळपास तेवढ्याच बॅटरीची आहे आणि वणीत मला ती ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर देते. रोजचे बारा धरले तर आठवड्यातून दोनदा चार्ज केली की भागतं. म्हणजे दीडशे किलोमीटरची बॅटरी किंवा झटपट चार्जिंगची सोय यांसाठी जास्तीचे पैसे मोजण्यात आमच्यासारख्यांचा फायदा नाही. यवतमाळला जायचं असेल तर मी एसटीने जातो. आधीही एसटीनेच जात होतो.

२. पेट्रोल किती वाचेल याचा हिशेब स्वतः करा, दुकानात करून देतात तो घरी आणू नका. महिन्याला माझे ३१० किलोमीटर होतात. जुनी गाडी लिटरला ५० द्यायची, म्हणजे सहा लिटरच्या थोडं वर, सव्वासहाशे-साडेसहाशे रुपये. विजेवरच्या गाडीला तेवढ्या अंतरासाठी बारा-तेरा युनिट लागतात. त्यांचे दीडशेच्या आसपास रुपये जातात. वाचले पाचशे. वर्षाचे सहा हजार. साध्या पेट्रोलच्या गाडीपेक्षा जास्तीचे चाळीस हजार दिले असतील तर ते फिटायला सहा-सात वर्षं लागणार. ऑइल बदलणं, प्लग साफ करणं वाचतं, ते वेगळं. जो माणूस रोज साठ-सत्तर किलोमीटर फिरतो, दूध घालतो किंवा पार्सल पोचवतो, त्याचे पैसे वर्ष-दीड वर्षात निघतात. जवळच्या अंतराला बचत हळू होते, हे आधी मान्य करून मगच पुढे जावं.

वीजबिलाची एक गोष्ट इथेच सांगतो. घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटचा दर आणि त्यापुढच्या युनिटचा दर यांत मोठा फरक असतो. तुमचं घर शंभरच्या आत-बाहेर असेल तर गाडीचे युनिट महागड्या टप्प्यात पडतात. मागचं वर्षभराचं बिल काढून बघा, विशेषतः कूलर चालतो ते तीन महिने.

३. सावली. यावर मी सगळ्यात जास्त बोलतो, कारण वणीत मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो आणि नवतप्यात तर डांबर पायाला चिकटतं. लिथियमच्या बॅटरीला चार्ज होताना साधारण ४५ अंशांपर्यंतचं तापमान चालतं. त्यापुढे गाडीतली देखरेख यंत्रणा स्वतःच चार्जिंग रोखते, आणि ते योग्यच आहे. पहिल्या उन्हाळ्यात मला हे माहीत नव्हतं. दुपारी साडेबाराला घरी आलो, अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडी लावली, लगेच पिन खोचली. संध्याकाळी बघतो तर चार्जिंग एक टक्काही पुढे गेलेलं नाही. मला वाटलं गाडी बिघडली. गाडी ठीक होती. त्या पत्र्याखाली हात ठेववत नव्हता, बॅटरीने काय करावं?

पत्र्याचं शेड म्हणजे सावली नव्हे, ती भट्टी आहे. आता गाडी कडुनिंबाखाली उभी असते. घरी आल्यावर तिला किमान तासभर निवू देतो आणि उन्हाळ्यात चार्जिंग पहाटे चारनंतर लावतो. सकाळच्या शाळेसाठी तेव्हा उठावंच लागतं. शंभर टक्के भरून दिवसभर उन्हात ठेवणं बॅटरीला मानवत नाही. म्हणून वीसच्या खाली जाऊ देत नाही आणि ऐंशीच्या वर क्वचितच नेतो. रोजचं अंतर कमी असल्यामुळे हे पथ्य सहज पाळता येतं.

गाडी घेताना बॅटरी कोणत्या जातीची, हे विचारा. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी तेवढ्याच विजेसाठी जड असते, पण उष्णता जास्त सोसते आणि जास्त वेळा भरता-रिकामी करता येते. निकेल-मँगनीज-कोबाल्टची हलकी असते आणि कमी जागेत जास्त वीज साठवते. विदर्भात जवळच्या अंतरासाठी घ्यायची झाली तर मी पहिलीकडे झुकेन. मला हे खरेदीनंतर कळलं.

४. पिन कुठे खोचणार? आमच्या घराला वीस वर्षांपूर्वीची वायरिंग होती आणि अंगणात एक दिव्याचा बोर्ड. दुकानातला माणूस म्हणाला, घरातल्या कुठल्याही प्लगवर चालेल. तीन-चार तास सलग भार ओढणाऱ्या वस्तूला कुठलाही प्लग चालत नाही. वायरमनला बोलावून मीटरपासून वेगळी वायर टाकून घेतली, तिला स्वतंत्र एमसीबी, आणि अंगणात १५ अँपिअरचं झाकणवालं सॉकेट. त्यानेच अर्थिंग तपासलं आणि डोकं हलवलं.

“सर, तुमची अर्थिंग तं वाळून गेली. कायची अर्थिंग राह्यते आता?”

आपली काळी माती पावसाळ्यात लोण्यासारखी असते, पण उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कोरड्या मातीतून वीज नीट उतरत नाही. म्हणजे भर उन्हाळ्यात, नेमकी गरज असते तेव्हा, अर्थिंग नावापुरतं उरतं. आता अर्थिंगच्या खड्ड्यात मार्चपासून दर आठ दिवसांनी बादलीभर पाणी ओततो. आणि मे महिन्यात रात्री नऊ ते बाराच्या मधे चार्जिंगला लावतच नाही. गल्लीतले सगळे कूलर सुरू असतात, डीपीवर ताण येतो, व्होल्टेज पडतं आणि चार्जर मधेच बंद होतो.

५. बॅटरी घरात, झोपायच्या खोलीत, दाराच्या तोंडाशी चार्जिंगला लावू नका. २०२२ साली वसईत रात्री घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि सात वर्षांचा मुलगा गेला. मी रोज मुलांसमोर उभा राहणारा माणूस आहे, ती बातमी माझ्या मनातून अजून उतरलेली नाही. त्याच वर्षी देशभर गाड्या पेटल्या आणि सरकारने बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक केले. ते डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. म्हणून जुनी गाडी स्वस्तात मिळत असेल तर आधी ती कोणत्या महिन्यात बनली ते बघा. त्याआधीची असेल तर मी घेणार नाही, अर्ध्या किमतीतही नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्यांना लोक सांगतात, काढता येणारी बॅटरी घ्या. मोटारसायकलची अशी बॅटरी पंधरा-वीस किलोची असते. दुकानातच ती उचलून एक जिना चढून बघा. माझा एक सहकारी ते न करता घेऊन बसला आणि आता त्याने घरमालकाच्या परवानगीने खाली प्लग बसवून घेतलाय.

६. हमीपत्रात किलोमीटर बघू नका, वर्षं बघा. बॅटरीची हमी तीन वर्षांपासून आठ वर्षांपर्यंत मिळते, सोबत किलोमीटरची मर्यादा असते आणि दोन्हींपैकी जे आधी संपेल तिथे हमी संपते. माझे वर्षाला चार हजारही होत नाहीत. पन्नास हजारांची मर्यादा मी बारा वर्षांतही गाठणार नाही, तीन वर्षं मात्र तीन वर्षांतच संपतील. आणि बॅटरी उभ्या उभ्याही म्हातारी होते.

७. दुरुस्ती कुठे? पहिल्या पावसाळ्यात एका सकाळी गाडी सुरूच झाली नाही. वीस वर्षं माझ्या गाड्या बघणाऱ्या मिस्त्रीला बोलावलं. त्याने सीट उघडली, वाकून पाहिलं आणि हात पुसले.

“सर, हिच्यात मले काही समजत नाही. हिचं पोट लॅपटॉपनं उघडते.”

छोट्या हत्तीत घालून गाडी दुसऱ्या जिल्ह्याच्या गावी नेली. एक सुटा भाग यायचा होता. तेवीस दिवस गाडी तिथे उभी होती. ते तेवीस दिवस मी पायी आणि ऑटोने शाळेत गेलो. कोणाला दोष देत बसत नाही, पण गाडी घेण्याआधी मी त्या सर्व्हिस सेंटरात जाऊन तिथे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांना विचारायला हवं होतं: तुमची गाडी इथे किती दिवसांपासून आहे? शोरूममध्ये विचारलेल्या शंभर प्रश्नांपेक्षा त्या एका प्रश्नाचं उत्तर कामाचं ठरलं असतं. आता मी सगळ्यांना सांगतो की पहिल्या पसंतीची गाडी लांब दुरुस्त होत असेल आणि दुसऱ्या पसंतीची वणीत, तर दुसरी घ्या. टायर, ब्रेक, बेअरिंग मात्र आमचा मिस्त्रीच बघतो, आणि छान बघतो.

८. अनुदानाची वाट बघत मी दीड वर्ष थांबलो आणि तोटा करून घेतला. केंद्राच्या फेम-२ योजनेत बॅटरीच्या प्रत्येक किलोवॅट-तासामागे १५,००० रुपये मिळत होते, १ जून २०२३पासून ते १०,००० झाले. पुढे आलेल्या पीएम ई-ड्राइव्हमध्ये आधी ५,००० आणि मग २,५००. महाराष्ट्राच्या २०२५च्या धोरणात दुचाकीला मूळ किमतीच्या दहा टक्के, जास्तीत जास्त १०,००० रुपयांची सवलत ठरली. गरज असेल त्या महिन्यात जे मिळतं ते घ्या.

९. मागे कोण बसतं? माझ्या मनात मोटारसायकलच होती, स्कूटरचा विचारही केला नाही. घरी आणली तेव्हा सौभाग्यवतीने एकदा बसून पाहिलं. सीट उंच, मागची बाजू चढती, पाय ठेवायला अरुंद जागा, साडीचा पदर अडकेल अशी. ती म्हणाली, “माझ्यासाठी घेतली नाही ना ही?” आणि मला उत्तर देता आलं नाही. आता आईला दवाखान्यात नेताना ऑटो करावा लागतो. बारा किलोमीटरच्या कामाला बसकी, पिशवी ठेवता येईल अशी गाडी पुरते. अहमदनगरच्या फिरोदियांनी १९७२ साली लूना आणली, ती आमच्या वडिलांच्या पिढीने कापसाच्या गाठोड्यांसकट चालवली. त्याच नावाची ई-लूना २०२४मध्ये विजेवर आली, वेग ताशी पन्नासपर्यंत. आमच्या लालपुलियाजवळ कोळशाच्या ट्रकांच्या मागे एरवीही पन्नासच्या वर कोण जातं? पावसात तिथे कोळशाची बुकणी आणि पाणी मिळून काळा गिलावा होतो. विजेची गाडी मूठ पिळताच झेपावते. अशा गिलाव्यावर ती कमी जोराच्या मोडवरच ठेवावी.

१०. “कोळशाचीच वीज ना शेवटी?” हे मला वणीत रोज कोणीतरी विचारतं, आणि वणीत हा प्रश्न विचारायचा हक्क आहे. उकणी, जुनाड, कोलार पिंपरीच्या खाणींतून निघालेला कोळसा आपल्या दारावरून जातो, आपल्या कपड्यांवर बसतो. शेजारी चंद्रपूरला २,९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे. गाडीचा धूर नाहीसा झाला असं मी कोणाला सांगत नाही, तो चिमणीकडे गेला. पण शाळा सुटते तेव्हा फाटकाशी दोनशे मुलं उभी असतात आणि माझी गाडी त्यांच्या नाकातोंडात काही सोडत नाही. मला तेवढं पुरेसं वाटतं. छपरावर एक किलोवॅटचं सौर पॅनल बसवलं तर महिन्याला शंभरावर युनिट मिळतात, त्यात गाडीचे तेरा सहज बसतात. या वर्षी ते करायचं ठरवलं आहे.

११. आवाज. जुन्या गाडीचा आवाज आईला गल्लीच्या तोंडापासून ओळखू यायचा. तिला आता नीट दिसत नाही, कान तेवढे शाबूत आहेत. तो आवाज आला की ती छपरीतून उठून चहाचं बघायची. नवी गाडी आली त्या आठवड्यात मी अंगणात येऊन उभा राहिलो आणि ती तशीच बसलेली. “आई” म्हटलं तर दचकली, हातातलं सुपडं पडलं. रस्त्यावरही तेच होतं. बाजारात पुढे चालणारी माणसं, रस्त्यात बसलेली जनावरं, कोणालाच गाडी आल्याचं कळत नाही. म्हातारी माणसं आणि लहान मुलं दिसली की मी लांबूनच वेग कमी करतो. आणि घरी येताना गल्लीच्या वळणावर, कडुनिंब दिसला की दोनदा हॉर्न वाजवतो, आधी एक छोटा, मग एक लांब. आता तिला तो पाठ झालाय. मी गाडी सावलीत लावून आत येतो तोवर गंजात पाणी उकळायला लागलेलं असतं.