पाच जणांची ड्युटी

पोरी, परवा फोनवर तू कुरकुरत होतीस, "आबा, पाचही जण एक नंबरचे घेतले, तरी हरले." तेव्हाच सांगणार होतो, पण तुझी आई मागून ओरडत होती आणि मला फोनवर नीट ऐकूही येत नाही. म्हणून लिहितो. सावकाश वाच.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तुझ्या बापाने वेळ जावा म्हणून माझ्या हातात गेम खेळायचा स्विच दिला. त्यात 'युनिकॉर्न ओव्हरलॉर्ड' हा गेम होता. जपानच्या व्हॅनिलावेअरने बनवलेला, अ‍ॅटलसने ८ मार्च २०२४ ला बाजारात आणलेला. चित्रं इतकी देखणी, की पहिले दोन दिवस मी नुसती जेवणाची ताटंच बघत बसलो. अक्षरं मात्र बारीक. दोन चष्मे लावून खेळलो, तुझी आजी हसायची.

गोष्ट मी सांगत नाही. फेव्हरिथ खंडातले पाच देश, राज्य गेलेला कॉर्नियाचा राजपुत्र अ‍ॅलेन, एकेक गाव सोडवत निघालेली त्याची फौज, एवढं तुला ठाऊक आहेच. साठाहून जास्त माणसं येऊन मिळतात. मैदानात तुकड्या जास्तीत जास्त दहा. तुकडीत सुरुवातीला दोघंच मावतात. ऑनर नावाचे गुण खर्च करून जागा वाढवत पाचापर्यंत नेता येतं. जागा सहा, माणसं पाच, पुढची फळी तिघांची आणि मागची तिघांची. एक घर रिकामं राहतंच. ते कुठलं ठेवायचं, यावरही मी एक अख्खी दुपार घालवली आहे.

आता मुद्द्याचं. दोन तुकड्या भिडल्या की तुझ्या हातात काही उरत नाही. कोण कोणाला मारणार, कोण कोणाला वाचवणार, सगळं तू आधी लिहून दिलेल्या हुकमांवर चालतं. मी एकतीस वर्षं एस.टी.त वाहतूक नियंत्रक होतो. गाडी फलाटावरून सुटली की आमच्या हातात फक्त रजिस्टर. ड्रायव्हर-कंडक्टरची जोडी चुकीची लावली असेल तर ते संध्याकाळी तक्रार वहीत कळायचं. इथे अर्ध्या मिनिटात कळतं, एवढाच फरक.

तुकडी हरली की लोक विचारतात, कोण कमजोर पडलं? तू तसं विचारू नकोस. विचार, रिकामं कोण बसलं होतं?

मी पहिल्यांदा हा प्रश्न विचारला तो रॉल्फच्या बाबतीत. रॉल्फ म्हणजे आपला धनुर्धारी शिकारी, चांगला माणूस. माझी तुकडी अशी होती: पुढे जाड चिलखतातला हॉड्रिक, त्याच्या बाजूला घोड्यावरचा क्लाइव्ह, मागे रॉल्फ आणि जखमा भरणारी शॅरन. कागदावर काय नाही त्यात? भिंत आहे, भाला आहे, बाण आहे, औषध आहे. तरी हरत होतो, तेही साध्या ढाल-तलवारवाल्यांकडून. मी प्रत्येक लढाई बटण दाबून पुढे ढकलायचो, निकाल तेवढा बघायचो. एकदा चहा घ्यायला उठलो, बटण दाबायचं राहून गेलं आणि परत येऊन बघतो तर बाकी तिघं घामाघूम आणि रॉल्फ धनुष्य हातात धरून लग्नातल्या पाहुण्यासारखा उभा. एक बाण सोडला नाही पठ्ठ्याने.

चूक त्याची नव्हती. मी त्याच्या बाणाला अट घातली होती 'उडणारे'. माझ्या मनात होतं, आधी उडणाऱ्यांना मार. पण या गेममध्ये नुसतं 'उडणारे' लिहिलं की त्याचा अर्थ होतो 'फक्त उडणारे'. समोर उडणारा नसेल तर तो हात बांधून उभा. त्याच यादीत थोडं खाली 'उडणाऱ्यांना प्राधान्य' अशी वेगळी अट आहे. ती लावली की उडणारा असला तर त्याला, नसला तर दुसऱ्या कोणालातरी. एक शब्द बदलला आणि तीच तुकडी, तीच माणसं, तीच शस्त्रं घेऊन जिंकायला लागली. म्हणून सांगतो, नवी तुकडी बांधलीस की तिच्या पहिल्या चार-पाच लढाया पुढे ढकलू नकोस. डोळ्याने बघ. भरवसा बसला की मग ढकल खुशाल.

प्रत्येकाकडे दोन तऱ्हेचे गुण असतात. एपी म्हणजे आपली पाळी आली की स्वतःहून करायच्या कामाचे. पीपी म्हणजे काही घडलं की आपोआप करायच्या कामाचे, जसं शेजाऱ्यावर वार आला की मध्ये पडणं, जखम झाली की लगेच भरणं. दोन्ही बाजूंचे एपी संपले की लढाई संपते, आणि ज्याच्या तुकडीचं रक्त मानाने कमी सांडलं तो जिंकतो. समोरचे सगळे मेलेच पाहिजेत असं नाही. लढाई संपताना कोणाचे पीपी तसेच उरले असतील तर त्याचा पगार फुकट गेला समज. आणि पहिल्या दोन फटक्यांतच कोणाचे संपले असतील तर त्याच्यावर ओझं जास्त पडलंय.

हॉड्रिकचंच बघ. त्याला सगळे भिंत म्हणतात. पण तो दुसऱ्याच्या आडवा येतो ते पीपी खर्चून. पीपी संपले की भिंत उभी असते, पण तिच्यामागे लपता येत नाही. मी त्याला आधी चांगली ढाल दिली, मग त्याहून भारी ढाल दिली, तरी मागची मंडळी मार खातच होती. शेवटी एक पीपी वाढवणारा दागिना त्याच्या गळ्यात घातला, तेव्हा कुठे काम झालं. ताकदवानाला अजून ताकद देण्यात आपला हात सैल सुटतो, आणि त्याला हवं असतं भलतंच. शिवाय चिलखतवाल्याचं जादूपुढे काही चालत नाही. समोर मांत्रिक दिसले तर हॉड्रिकची तुकडी पाठवूच नकोस; तुझ्या चोराची पाठव. ट्रॅव्हिससारखा चोर वार चुकवतो आणि समोरच्याचे पीपीही लांबवतो. समोरच्या भिंतीचे पीपी चोरले तर तिचं काय होतं, ते आत्ताच सांगितलं.

शॅरनला अट घालायला विसरू नकोस. नाहीतर कोणाला ओरखडा आला तरी ती धावते, आणि खरा घाव पडतो तेव्हा तिच्याकडे काही उरत नाही. 'प्राण निम्म्याच्या खाली' अशी अट मिळते, ती घाल.

पाढे मात्र पाठ हवेत. घोडेस्वार पायदळाला भारी, उडणारे घोडेस्वारांना भारी, धनुर्धारी उडणाऱ्यांना भारी, आणि जाड चिलखताला जादू किंवा हातोडा. एवढंच. पण हे पाढे आले की नवशिके एक चूक करतात, मीही केली. एकाच तुकडीत सगळ्यांचं उत्तर भरतात. एक घोडा, एक पंखवाला, एक बाणवाला, एक जादूवाला, एक औषधवाली. वाटतं काय संतुलित झालं! होतं असं, की समोर कोणीही आलं तरी पाचांतला एकच जण कामाचा, बाकी चार हजेरीपुरते. संतुलन बघायचं ते दहा तुकड्या मिळून. एका तुकडीला एकच काम दे, त्या कामाचे दोघं-तिघं घे आणि उरलेल्या जागी त्यांना जगवणारे घे. घोड्यांची तुकडी घोड्यांचीच असू दे. तिच्यापुढे पंखवाले आले तर ती मागे सरेल आणि धनुर्धाऱ्यांची पुढे जाईल. त्यासाठीच तर दहा दिल्यात.

आता तुझ्या पाच एक नंबरच्यांकडे येतो. तू फोटो पाठवलास तो मी मोठा करून बघितला. पाचांपैकी तिघांकडे लढाई सुरू होतानाच चालणारं कौशल्य आहे. त्याच्या माहितीत बारीक अक्षरात लिहिलंय, की एका वेळी एकालाच ते वापरता येतं. म्हणजे तिघं एकाच दारात उभे, सगळ्यात चपळ आहे तो आत गेला आणि बाकी दोघांचं कौशल्य जन्मात चालणार नाही. एकाच कंडक्टरच्या जागेवर तीन कंडक्टर पाठवल्यासारखं झालं हे. माणूस निवडताना त्याचा आकडा बघतेस तसं त्याच्या कौशल्याची वेळही बघ. सुरुवातीला चालणारं एकाचं, वार आल्यावर चालणारं दुसऱ्याचं, आपल्या माणसाने वार केल्यावर चालणारं तिसऱ्याचं, अशी वाटणी लागली की तुकडी आपसूक बोलायला लागते. त्यासाठी थोडा कमी लेव्हलचा माणूस घ्यावा लागला तरी घे.

आणि मांडणी! चौघं पुढे कशी मांडली असतीस, जागाच तीन. तिघं पुढे आणि दोघं मागे ठेवलेस, ठीक, पण मागच्या दोघांच्या हातातही तलवारीच. जमिनीवरच्या तलवारीला समोरच्याची पुढची फळी उभी आहे तोवर मागे पोचता येत नाही. बाण पोचतो, जादू पोचते. तुझ्याकडे दोन्ही नाहीत. समोरचा मांत्रिक मागे बसून निवांत तुझी पाचही माणसं भाजत होता.

म्होरक्या कोण, यावर कोणी फारसा विचार करत नाही. म्होरक्या घोडेस्वार असला तर सगळी तुकडी नकाशावर वेगाने चालते. पंखवाला असला तर नदी-डोंगर ओलांडून उडते, मग बाकीचे पायी का असेनात. धनुर्धारी किंवा मांत्रिक असला तर शेजारच्या तुकडीच्या लढाईत लांबून बाण किंवा जादू टाकता येते. औषधवाली असली तर लांबून जखम भरता येते. मी बाणवाल्या म्होरक्याची एक तुकडी नेहमी मधोमध ठेवतो. ती स्वतः फारशी लढत नाही, पण तिच्यामुळे आजूबाजूच्या दोघी जिंकतात. म्होरक्या वाटेल तेव्हा बदलता येतो, त्याला पैसे पडत नाहीत.

दमाचंही बघ. प्रत्येक लढाईला तुकडीचा दम एकेकाने उतरतो. शून्यावर आला की ती तिथेच बसते, आणि बसलेल्या तुकडीवर समोरचा येऊन पडतो. तुझ्यासारखी मुलं एकच लाडकी तुकडी बनवतात आणि सगळी लढाई तिच्याच गळ्यात मारतात. डबल ड्युटीला तोच तोच ड्रायव्हर लावणारे नियंत्रक मी पाहिलेत. सोपं असतं, नाव पाठ असतं ना. सुरुवातीला जोसेफबाबत हाच मोह होतो. म्हातारा, अ‍ॅलेनला वाढवणारा, सगळ्यांहून तगडा. वयामुळे मलाही तो जवळचा. पण प्रत्येक ठिकाणी तोच गेला तर बाकीचे शिकणार कधी?

भिडण्याआधी निकालाचा अंदाज पडद्यावर दिसतो, तो वाच. आवडला नाही तर तिथल्या तिथे माणसांच्या जागा बदल, दागिना बदल, अट बदल, आणि आकडा परत बघ. हॉड्रिक एक घर डावीकडे सरकवला एवढ्याने हरलेली लढाई जिंकलेली मी पाहिली आहे. का जिंकली ते शोधायला मात्र बस हं, नुसता सरकवून आनंदाने पुढे जाऊ नकोस. त्या शोधण्यातूनच पुढच्या दहा तुकड्या बांधता येतात.

एक राहिलं. गावात खानावळ सापडली की पैसे वाचवू नकोस. ज्यांना एका तुकडीत ठेवणार आहेस त्यांना एका टेबलावर जेवायला घाल. त्यांचा जिव्हाळा वाढतो आणि एकत्र लढताना ताकदही वाढते. तुझी आजी म्हणाली, हे सांगायला जपानी कंपनी कशाला लागते.

स्विच चार्जिंगला लावला आहे. रविवारी आलीस की आधी तुझी ती एक नंबरची तुकडी मोडू. दोन घोडेस्वार ठेवू, एकाला दुसरीकडे पाठवू, मागे शॅरन आणि एक मांत्रिक बसवू. पाचवी जागा कोणाला द्यायची ते मी अजून ठरवलेलं नाही. तू तोवर विचार करून ये.