तोफा धडाडतात तिथे सुतारपक्षी कसा टिकतो?

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात राहते. मार्चमध्ये तिच्याकडे गेलो असताना फेएटव्हिल गावाजवळून जाताना जंगलातून धुराचे लोट उठताना दिसले. चौकशी केली तर कळलं, ती लष्कराची हद्द आहे, आग लष्कराच्या माणसांनीच लावली आहे, आणि तीही पक्ष्यांसाठी! आम्ही देवळालीच्या बाजूचे, तोफांचे आवाज लहानपणापासून ऐकत आलो. जिथे गोळे पडतात तिथे पक्षी जगतात कसे? आणि आग लावून त्यांचं भलं कसं होतं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुम्ही पाहिलंत ते फोर्ट ब्रॅग. १९१८ साली तोफखान्याच्या सरावासाठी घेतलेली ही जमीन आज सुमारे १ लाख ६० हजार एकर आहे, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षा मोठी. अमेरिकेच्या हवाई छत्रीधारी दलाचं हे मुख्य ठाणं. तुम्हाला कळलं ते अगदी खरं आहे. ती आग पक्ष्यांसाठीच लावलेली असते, आणि ज्या पक्ष्यामुळे हे सारं सुरू झालं तो आहे रेड-कॉकेडेड सुतारपक्षी.

आधी झाडाबद्दल सांगायला हवं. अमेरिकेच्या आग्नेय भागात व्हर्जिनियापासून टेक्ससपर्यंत एके काळी जवळजवळ ९ कोटी एकरांवर लाँगलीफ पाइनचं जंगल होतं. टर्पेंटाइन आणि डांबरासाठी त्याची राळ काढली गेली, जहाजांसाठी आणि घरांसाठी लाकूड तोडलं गेलं, उरलेल्या जागी शेती आणि झटपट वाढणारे दुसरे पाइन आले. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्यातलं जेमतेम ३० लाख एकर शिल्लक होतं.

या झाडाचं आणि आगीचं नातं फार जुनं आहे. बी रुजल्यावर लाँगलीफ काही वर्षं उंच वाढतच नाही. गवताचं थोंब वाटावं असं जमिनीलगत बसून राहतं आणि सगळी ताकद मुळांत साठवतं. वरून वणवा गेला तर बाहेरच्या लांब सुया जळतात, आतला कोंब वाचतो. मग एका टप्प्यावर ते एकदम उंच सुटतं आणि ज्वाळांच्या टप्प्याबाहेर जातं. पूर्वी विजा पडून दर दोन-चार वर्षांनी वणवे लागत. ओकसारखी रुंद पानांची झाडं त्यात मागे हटत आणि पाइनखाली नुसतं गवत राही. त्यातलं वायरग्रास तर असं आहे की उन्हाळ्याच्या तोंडावर आग लागून गेल्याशिवाय ते नीट फुलत नाही, बी धरत नाही. माणसाने वणवे विझवायला सुरुवात केली आणि खाली ओकचं रान माजलं.

आता पक्षी. बहुतेक सुतारपक्षी वाळक्या लाकडात ढोली करतात. हा एकटा जिवंत पाइनमध्ये कोरतो. त्यासाठी झाड म्हातारं लागतं, साधारण ऐंशी वर्षांपुढचं, कारण त्या वयात एका बुरशीने गाभा मऊ पडलेला असतो. तरीही एक ढोली पुरी व्हायला वर्षानुवर्षं लागतात. तयार झाली की पक्षी तिच्याभोवती सालीत बारीक खळगे पाडतो आणि ते रोज टोकरून राळ वाहती ठेवतो. ती चिकट राळ ओलांडून धामणीच्या जातीचा रॅट स्नेक वर चढू शकत नाही. अशी झाडं दुरूनच ओळखू येतात. मेणबत्तीवरून मेण ओघळावं तशी पांढरट राळ खोडावर थिजलेली असते. जोडीला घरातले मोठे मुलगे मदतीला असतात. ते वर्ष-दोन वर्षं स्वतःचा संसार न मांडता धाकट्या भावंडांना भरवतात. ढोलीच्या उंचीला ओकची झाडं पोचली की मात्र हे कुटुंब ती जागा सोडून जातं.

तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. फोर्ट ब्रॅगच्या बाहेर लाँगलीफ तुटला, गोल्फची मैदानं आली, वसाहती आल्या. आत जमीन सरावासाठी मोकळी ठेवायची होती, म्हणून नांगर आणि बिल्डर दोघेही आत आले नाहीत. शिवाय जिथे गोळे पडत तिथे ठिणग्यांनी गवत पेटे. कुणी ठरवलेलं नसताना त्या भागात जुन्या वणव्यांचं चक्र चालूच राहिलं. म्हणून सगळीकडून हटलेला पक्षी तोफांच्या शेजारी उरला. आवाजाचा त्याला त्रास होत नाही असं नव्हे, पण घर नाहीसं होण्यापेक्षा आवाज परवडला.

यावरून कुणी म्हणेल, लष्कराच्या ताब्यात जमीन दिली की निसर्ग आपोआप सांभाळला जातो. ते मला मान्य नाही. उरलेलं अर्धं उत्तर कायद्याचं आहे आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं.

हा पक्षी १९७० मध्येच संकटग्रस्तांच्या यादीत गेला होता. तरी फोर्ट ब्रॅगवर सराव, रणगाड्यांची वर्दळ, लाकूडतोड नेहमीसारखी चालू होती. १९९० मध्ये अमेरिकेच्या मत्स्य आणि वन्यजीव सेवेने लेखी मत दिलं की इथल्या कारभारामुळे ही जात धोक्यात येते आहे. हे मत बंधनकारक होतं. मग ढोली असलेल्या झाडांवर पांढरे पट्टे रंगवले गेले. त्यांच्यापासून २०० फुटांच्या आत खंदक खणायचे नाहीत, तळ ठोकायचा नाही, गाड्या न्यायच्या नाहीत असं ठरलं. पुष्कळ अधिकारी वैतागले. पक्ष्यांसाठी जवानांचं शिक्षण अडतंय, ही त्यांची तक्रार होती आणि ती खोटी नव्हती. युद्धात पांढरे पट्टे नसतात.

यातून वाट निघाली ती पक्षी वाढवण्याची. पक्षी वाढले तर निर्बंध उठतील, हे दोन्ही बाजूंना पटलं. आग हे त्यातलं मुख्य काम. जंगलाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा साधारण तीन वर्षांनी जाळायचा. वारा, हवेतला ओलावा, धूर कुठल्या वस्तीकडे जाईल हे सकाळी पाहायचं, आपल्या वनखात्याच्या जाळरेषांसारखे पट्टे आधी साफ करायचे आणि मग हातातल्या ड्रिप टॉर्चने, म्हणजे डिझेल-पेट्रोलच्या मिश्रणाचे पेटते थेंब सांडणाऱ्या डब्याने, गवतावर रेघ ओढत चालायचं. ढोलीच्या झाडांभोवतीचा पालापाचोळा त्याआधी ओढून काढतात, कारण खाली ओघळलेली राळ पेटली तर ज्वाळा थेट ढोलीपर्यंत चढते.

दुसरं काम मला फार विलक्षण वाटतं. ढोली कोरायला पक्ष्याला वर्षं लागतात, आणि म्हातारी झाडं तर थोडीच उरलेली. तेव्हा १९८० च्या दशकाच्या अखेरीस कॅरोल कोपेयॉन या संशोधिकेने जिवंत पाइनमध्ये ड्रिलने ढोली पाडण्याची रीत शोधली. पुढे डेव्हिड ॲलन यांनी ते आणखी सोपं केलं. शिडीने वीस-पंचवीस फुटांवर चढायचं, करवतीने खोडात चौकोनी खाच पाडायची, आत ढोली असलेला लाकडी ठोकळा तीत घट्ट बसवायचा, फटी बुजवायच्या. तोंड जेमतेम पावणेदोन इंचांचं; त्याभोवती पत्रा ठोकतात म्हणजे मोठ्या सुतारपक्ष्यांना ते रुंद करता येत नाही. अशा आयत्या घरात पक्षी खरोखर राहायला येतात.

तिसरं काम कुंपणाबाहेरचं. पक्ष्याला कुंपण कळत नाही आणि शेजारचा जमीनमालक घाबरलेला : आपल्या रानात हा पक्षी आला की सरकार झाड तोडू देणार नाही, म्हणून पाइन म्हातारे व्हायच्या आतच तोडलेले बरे! १९९५ मध्ये याच भागात ‘सेफ हार्बर’ करार सुरू झाले. मालकाने रान सांभाळायचं. त्यामुळे पक्षी वाढले तर वाढीव पक्ष्यांपायी त्याच्यावर नवं बंधन येणार नाही, अशी हमी सरकारने दिली. त्याच सुमारास लष्कराने निसर्गसंस्थांना पैसे देऊन शेजारच्या जमिनींवर बांधकाम न होण्याचे हक्क विकत घ्यायला सुरुवात केली. यात लष्कराचाही स्वार्थ होता. तळाला खेटून वसाहत झाली की तोफांच्या आवाजाच्या तक्रारी येतात आणि सराव अडतो.

२००६ मध्ये इथल्या पक्ष्यांनी ३५० जोड्यांचं ठरवलेलं उद्दिष्ट गाठलं, मुदतीच्या पाच वर्षं आधी, आणि सरावावरचे निर्बंध सैल झाले. देशभरात १९७० च्या दशकाच्या अखेरीस या पक्ष्याच्या १,४७० च्या आसपास वसाहती उरल्या होत्या, त्या आता सुमारे ७,८०० आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो ‘संकटग्रस्त’ श्रेणीतून एक पायरी सुधारून ‘असुरक्षित’ श्रेणीत आला. इतक्या यशानंतरही कृत्रिम ढोल्या आणि आग थांबवून चालणार नाही.

आगीवर जगणारा हा पक्षी एकटाच नाही. फोर्ट ब्रॅगवरच सेंट फ्रान्सिस सॅटर नावाचं तपकिरी फुलपाखरू आहे. १९८३ मध्ये सापडलं. जगात ते इथेच आहे. बीव्हर बांध घालतात, तो फुटल्यावर जे ओलं गवताळ कुरण राहतं ते त्याला लागतं. संशोधक निक हॅडॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं आढळलं की जपून, कुणालाही न जाऊ देता राखलेल्या जागी ही फुलपाखरं घटत गेली आणि तोफांचे गोळे पडतात त्या भागात टिकली. आगीत काही अळ्या मरतात, हे खरं. पण आग आणि पाणी आलं नाही तर झुडपं ते कुरण गिळतात आणि सगळ्याच मरतात.

दुसरी बाजूही सांगायला हवी. मॅसॅच्युसेट्समध्ये केप कॉडच्या कॅम्प एडवर्ड्सवर दारूगोळ्यातली रसायनं जमिनीखालच्या पाण्यात उतरली, आणि तेच पाणी तिथले लोक पितात. १९९७ मध्ये सरकारी पर्यावरण संस्थेने तिथला गोळीबार थांबवायला लावला. प्वेर्तो रिकोच्या व्हिएकेस बेटावर नौदलाने दशकानुदशकं बॉम्ब टाकले. १९९९ मध्ये चुकलेल्या बॉम्बने एक पहारेकरी मेला, लोक उठले, २००३ मध्ये नौदल गेलं. आज तिथल्या मोठ्या भागाला अभयारण्य म्हणतात, पण न फुटलेले बॉम्ब अजून काढणं चालू आहे. त्या रहिवाशांना अभयारण्यात कासवं वाचली एवढंच सांगून चालणार नाही.

म्हणून अमेरिकेतला १९६० चा साइक्स कायदा आणि त्याची १९९७ ची दुरुस्ती मला मोलाची वाटते. दुरुस्तीनंतर नैसर्गिक संपत्ती असलेल्या प्रत्येक तळाला तिच्या व्यवस्थापनाचा आराखडा वन्यजीव खात्यांसोबत बसून करावा लागतो आणि निदान पाच वर्षांनी तपासावा लागतो. तळावर वनशास्त्रज्ञ आणि जीवशास्त्रज्ञ नोकरीला असतात. आपल्याकडे फायरिंग रेंजसाठी १९३८ चा कायदा आहे. त्याचा भर सरावाची पूर्वसूचना, लोकांची सुरक्षितता आणि नुकसानभरपाई यांवर. राजस्थानात पोखरणच्या फील्ड फायरिंग रेंजमध्ये माळढोक उरला आहे, त्याचं कारण फोर्ट ब्रॅगसारखंच : मोकळं गवताळ रान अखंड राहिलं. नान्नजच्या माळावर माळढोक दिसेनासा होताना आपण पाहिला. देशाच्या रेंजवर कुठे काय जगतंय याची नियमित मोजणी आणि तिथल्या कमांडरवर बंधनकारक असा आराखडा आपल्यालाही हवा. सैन्य ते करू शकतं. १९८२ पासून मसुरीच्या उजाड डोंगरांवर झाडं लावणारी प्रादेशिक सेनेची पर्यावरण बटालियन आपलीच आहे.

पुढच्या वेळी मुलीकडे जाल तेव्हा सदर्न पाइन्स गावातलं वेमाउथ वुड्स हे राखीव जंगल पाहा. ते सर्वांना खुलं आहे आणि एप्रिल-मे महिन्यात पहाटे गेलात तर हा सुतारपक्षी दिसण्याची चांगली शक्यता असते. आणि देवळालीकडे पक्षी पाहायला फिरत असाल तर रेंजची हद्द ओलांडू नका. कुठे लोखंडाचा संशयास्पद तुकडा दिसला तर हात न लावता जागा लक्षात ठेवा आणि पोलिसांना कळवा.