उपस्थात्याचा अनुराग आणि औषधशाळेतील उष्मा

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेच्या चतुष्पादाचे वर्णन करताना उपस्थात्याचे चार गुण सांगितले आहेत : उपचारज्ञता, दाक्ष्य, स्वामीविषयी अनुराग आणि शौच. पंचकर्म कक्षातील परिचारक आणि औषधशाळेतील साहाय्यक हे आज याच पादाचे प्रतिनिधी होत. पहिले दोन गुण शिक्षणाने व सरावाने येतात. अनुराग मात्र स्वामीच्या वागणुकीवर अवलंबून असतो. आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात ही वागणूक कशी आहे, हे थंडावा कोणाच्या वाट्याला येतो यावरून लगेच दिसते.

तपासणी कक्ष वातानुकूलित, परंतु क्वाथगृहात एखादी खिडकी एवढीच सोय, असे चित्र अनेक ठिकाणी आढळते. वातानुकूलनाचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. १९०२ साली विलिस कॅरिअर यांनी न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथील छापखान्यासाठी ही यंत्रणा आखली, ती दमटपणामुळे कागद आक्रसून वा फुगून रंग जुळत नसत म्हणून. म्हणजे माणसासाठी नव्हे, मालासाठी. याउलट १९५९ मध्ये सिंगापूरचे पंतप्रधान झालेल्या ली क्वान यू यांनी शासकीय कर्मचाऱ्यांच्या कार्यालयांत वातानुकूलन आणण्यास अग्रक्रम दिला व लोकसेवेच्या कार्यक्षमतेशी त्याचा संबंध जोडला.

आपल्याला दोन्ही विचार आवश्यक आहेत. पावसाळ्यात गुग्गुळाच्या गोळ्या चिकटतात, क्षारांना पाणी सुटते, चूर्णात गाठी होतात. तेथे आर्द्रता कमी करणारे यंत्र योग्यच. मात्र अवलेहाची तार ओळखणारा, स्नेहपाकात फेनाचे लक्षण पाहून अग्नी आवरणारा हात निघून गेला, तर औषधाचा दर्जा कोणतेही यंत्र राखू शकत नाही.

शास्त्राचा शीतगृहाला विरोध नाही. ग्रीष्मचर्येत दिवसा शीतगृहात विश्रांती सांगितलेली आहे. निषेध आहे तो क्रम सोडून होणाऱ्या शीतोष्ण सेवनाचा. उष्मा व श्रम यांनी पीडित व्यक्तीने लगेच थंड पाणी सेवन करणे हे कुष्ठाच्या हेतूंत गणले आहे. आधुनिक शरीरक्रियाशास्त्रानुसारही उष्ण जागी काम करण्याची सवय शरीराला हळूहळू, सुमारे एक ते दोन आठवड्यांत होते. वाग्भटोक्त ऋतुसंधीचा काळही चौदा दिवसांचाच आहे.

व्यवहारात पुढील गोष्टी सहज करता येतील :

१. भट्टीजवळील नव्या कर्मचाऱ्याच्या कामाचे तास पहिल्या दोन आठवड्यांत क्रमाने वाढवावेत.

२. क्वाथगृहात धूर व वाफ बाहेर टाकणारा पंखा बसवावा. दमट हवेत घाम सुकत नाही. त्यामुळे कोकणपट्टीत केवळ हवा ढवळणारा पंखा पुरेसा ठरत नाही.

३. विदर्भातील कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याचा कूलर उत्तम. परंतु तो हवेत ओलावा भरतो, म्हणून चूर्णाच्या खोलीत लावू नये.

४. स्वेदन कक्षात रुग्णासाठी यंत्र बंद ठेवावे लागते. तेथील परिचारकाला दोन रुग्णांच्या मध्ये विश्रांती आणि माठाचे पाणी मिळावे.

५. वातानुकूलन २४ अंशांवर ठेवावे. जानेवारी २०२० पासून खोलीसाठीच्या नव्या यंत्रांत हीच मूळ मांडणी ठरवून दिलेली आहे. भट्टीवरून आलेल्याने थेट अशा खोलीत न जाता काही वेळ सावलीत बसावे.

औषधनिर्मितीच्या नियमांतील ‘शेड्यूल टी’मध्येही कामगारांचे गणवेश कामाच्या स्वरूपाला व हवामानाला साजेसे असावेत आणि त्यांची वर्षातून किमान एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी, अशी अपेक्षा आहे. ही नोंद केवळ निरीक्षकाला दाखवण्यापुरती राहू नये. वेतन वेळेवर देणे हे कर्तव्यच होय. पण भर वैशाखात, भट्टी पेटलेली असताना, स्वामी स्वतः क्वाथगृहात घटकाभर उभा राहिला, तर तेथे काय उणे आहे हे त्याला कोणी सांगावे लागणार नाही. अनुरागाची अपेक्षा त्यानंतर करावी.