शिस्तही शिकवावी लागते



"धावू नको", "बोलू नको", "मागे वळून पाहू नको." मिस्साच्या वेळी आणि धर्मशिक्षणाच्या वर्गात लहान मुलांच्या कानांवर ही वाक्ये सतत पडत असतात. काय करू नये हे त्यांना पाठ होते. काय करावे हे मात्र पुष्कळदा कुणी सांगितलेलेच नसते.

मुलाचा पाढा चुकला तर आपण तो पुन्हा म्हणून घेतो. चांगली वागणूक हाही असाच एक धडा आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाला तो आपोआप येत नाही.

संत जॉन बॉस्को (1815-1888) यांनी इटलीतील तुरीन शहरात गरीब व अनाथ मुलांसाठी आयुष्य वेचले. 1877 मध्ये त्यांनी आपली शिक्षणपद्धती थोडक्यात लिहून काढली. विवेक, धर्म आणि वात्सल्य हे तिचे तीन आधार. मुलांना नियम आधी नीट समजावून सांगावेत आणि मग प्रेमळ पित्याप्रमाणे त्यांच्या सोबत राहावे, म्हणजे चूक घडण्याआधीच त्यांना सावरता येते, असे त्यांचे सांगणे होते.

हे आपल्याला घरी व वर्गात कसे करता येईल?

1. नियम मोजके ठेवू या. तीन-चार पुरेत. "गोंधळ नको" असे म्हणण्याऐवजी "बोलायचे असेल तर हात वर करू या" असे सांगू या.

2. कारण सांगू या. "आपण हळू बोलतो, कारण शेजारी कुणीतरी प्रार्थना करीत आहे," हे लहान मुलालाही पटते.

3. करून दाखवू या. चर्च रिकामे असताना मुलांना आत नेऊन पवित्र पाण्याने क्रुसाची खूण कशी करावी, गुडघा कसा टेकावा, बाकावर जागा कशी द्यावी याचा सराव घेऊ या. आपण स्वतः मिस्सात मोबाइल पाहत असलो, तर मुले तेच शिकतील.

4. चांगले दिसताच बोलून दाखवू या. नुसते "शाब्बास" न म्हणता, "तू आजीला बसायला जागा दिलीस, मला आवडले," असे म्हणू या.

5. चुकल्यास चारचौघांत अपमान न करता बाजूला घेऊन शांतपणे सांगू या आणि तीच गोष्ट पुन्हा नीट करून घेऊ या.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलांना मारणे आणि त्यांचा मानसिक छळ करणे यांवर बंदी घातली आहे. पण घरातल्या टोचणाऱ्या शब्दांना कोण आवर घालणार? एखाद्या मुलाला स्वतःचे नाव फक्त रागावण्यातच ऐकू येत असेल, तर देव आपल्याला नावाने हाक मारतो हे त्याला आनंदाचे कसे वाटावे? बापांनी मुलांना चिरडीस आणू नये, नाहीतर ती खिन्न होतील, असा इशारा संत पौलाने कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात (3:21) दिला आहे.

या आठवड्यासाठी: घरातील एक "नको" निवडू या. त्याच्या जागी "असे करू या" ठेवू या आणि रोज रात्रीच्या प्रार्थनेनंतर प्रत्येक मुलाची दिवसभरातील एक चांगली कृती नाव घेऊन सांगू या.

प्रार्थना: हे प्रभू येशू, तू बालकांना जवळ घेतलेस. त्यांना धीराने आणि प्रेमाने घडवण्याची कृपा आम्हाला दे. आमेन.