दंडाचे माप व दुष्काळाची चाहूल

पावसाच्या तोंडावर बुरोंडीच्या किनाऱ्यावरील होड्या वर ओढल्या जातात व घरोघर आगोटीची बेगमी होते. जून व जुलै हे दोन महिने यांत्रिक नौकांस मासेमारी बंद. तांदूळ, नाचणी व सुकी मासळी ह्यांवर दिवस काढावयाचे. ह्या काळात कोणाचे मडके रिते झाले हे शेजाऱ्यासही कळत नाही, कारण अब्रूदार मनुष्य पोटाची गोष्ट चारचौघांत बोलत नाही. मग टंचाई वेळीच ओळखावी कशी?

1876 ते 1878 च्या दुष्काळाने मुंबई व मद्रास इलाख्यांत लक्षावधी माणसे नेली. 1877 साली सर रिचर्ड टेंपल ह्यांनी मदतकामावरील मजुरास दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे 450 ग्रॅम, धान्य व वर किरकोळ पैसे पुरेत असे ठरविले. एवढ्यावर कष्टकरी देह टिकणार नाही, असा आक्षेप मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश ह्यांनी निक्षून घेतला. खजिन्याकडे पाहावे की देहाकडे, हाच तो वाद होता. पुढे 1880 च्या दुष्काळ आयोगानंतर नियमावल्या झाल्या, व धान्याचे भाव चढणे, लोक गाव सोडून भटकू लागणे, ही पूर्वचिन्हे मानली गेली. चिन्हे खरी, परंतु कुटुंब गाव सोडते तोवर बियाणेही खाऊन झालेले असते.

त्याहून आधी लेकराचा दंड सांगतो. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या बालकाचा डावा दंड, खांदा व कोपर ह्यांच्या मध्यावर, फीत न आवळता मोजावा. घेर 12.5 सेंटिमीटरांहून कमी भरल्यास बालक कुपोषित समजावे; 11.5 हूनही कमी भरल्यास त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्यावे. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून खळगा राहिला, तर माप कितीही भरो, धोका तोच होय. सुजेला बाळसे समजून संतोष पावणाऱ्या आयाही असतात!

एकच बालक रोडावले तर कदाचित आजार असेल. परंतु एकाच वाडीतील अनेकांची मापे महिन्यामागून महिना उतरू लागली, तर त्या घरांतील अन्न सरत आले असे जाणावे. मदत प्रथम कोणत्या वाडीस पोहोचावी हे अशा वहीवरून कळते. नाहीतर धान्याच्या गोण्या सडकेलगतच्या घरांतच उतरतात.

1975 साली सुरू झालेल्या बालविकास योजनेच्या अंगणवाड्यांत बालकांची वजने होतात. पण 2020 च्या टाळेबंदीत अंगणवाड्या बंद होत्या, आणि त्यातच 3 जून रोजी निसर्ग वादळाने दापोली तालुक्यातील घरे व नारळी-पोफळीच्या बागा पाडल्या. माप घेण्याची गरज सर्वांत अधिक, त्याच पावसाळ्यात दारास कुलूप! फीत मात्र खिशात मावते. उपदेशक बंधू घरोघर जातातच. त्यांनी अंगणवाडीच्या बाईंकडून मोजण्याची रीत शिकून घ्यावी, मापे तारखेसह लिहावी, व ती उतरू लागताच वही घेऊन आरोग्य केंद्र व तहसील कचेरी गाठावी.