पिसाळलेलें कुत्रें आणि अलर्करोग

प्राणहिता-गोदावरींच्या संगमाजवळील आमच्या सिरोंचा गांवीं कुत्रें नाहीं अशी गल्ली विरळा. भोंवतालच्या रानांत कोल्हेहि आहेत. असें जनावर पिसाळून चावल्यास त्याच्या लाळेंतील अतिसूक्ष्म विषाणु जखमेंत शिरतो. मज्जातंतूंच्या वाटेनें तो हळूहळू मेंदूकडे सरकतो. ह्या प्रवासास बहुधा कांहीं आठवडे वा महिने लागतात. तोंडावर दंश झाल्यास त्याहून कमी. मनुष्य वांचवितां येतो तो ह्याच अवधींत. पुढें पाणी पाहतांच घसा आवळूं लागला म्हणजे वैद्यहि हात टेकतात.

ता. ६ जुलै १८८५ रोजीं लुई पाश्चर यांनीं जोसेफ माइस्टर नामक नऊ वर्षांच्या मुलास ही लस प्रथम टोंचविली, व तो वांचला. १९०० सालीं हिंदुस्थानांत कसौलीस तिची संस्था निघाली. पोटांतील चौदा सुयांची धास्ती आतां व्यर्थ आहे. लस दंडांत देतात.

जखमेवर चुना वा तिखट भरण्याची रीत आम्हीं पाहिली आहे. तिनें अपायच होतो. साबण व वाहतें पाणी यांनीं पंधरा मिनिटें जखम धुवावी, लगेच रुग्णालय गांठावें, व ठरल्या दिवशीं सर्व सुया घ्याव्या. पाळीव कुत्र्यासहि लस टोंचवावी. मार बसेल ह्या भीतीनें मुलें ओरखडा लपवितात; पालकांनीं तो विचारून घ्यावा, आणि आधीं रागावूं नये.